दोनशे सत्तेचाळीस अंश

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०१४. सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी मी ट्रान्समीटरवरचा चुंबक काढला. ठोके मोजले : मिनिटाला बेचाळीस. पुन्हा मोजले. बेचाळीस. मग नोंदवहीत पहिली ओळ लिहिली.

ट्रान्समीटर आगपेटीच्या निम्म्या आकाराचा होता. तो मी माझ्या थोरल्या भावाच्या कमरपट्ट्यात, बकलाच्या मागे, चामड्याच्या दोन पदरांमध्ये शिवून टाकला होता. अशा यंत्राला बटण नसते. कडेला चुंबक चिकटवला की ते झोपते. काढला की जागे होते आणि बॅटरी संपेपर्यंत रिसीव्हरवर ऐकू येणारे ठोके देत राहते. चौतीस वर्षे एका वन्यजीव संस्थेच्या उपकरणशाळेत मी हीच यंत्रे बनवली. ती हरणांच्या गळ्यात गेली, कोल्ह्यांच्या गळ्यात गेली, घारींच्या पाठीवर गेली. माणसाच्या कमरेला बांधण्याची ही पहिलीच वेळ होती.

"म्हणजे आता मी हरीण," दादा म्हणाला.

"हरणं इतकं बोलत नाहीत."

"त्यांना भाऊ नसतात, म्हणून." तो पट्ट्यावर बोट वाजवत हसला. "फूटपट्टी, तू कॉलेजात पहिला रेडिओ जोडलास, त्यातून काय ऐकू आलं होतं आठवतंय? नुसता धूर!"

फूटपट्टी हे त्याने मला ठेवलेले नाव. तंत्रविद्यालयात तो माझ्यापुढे तीन वर्षे होता. तो न मोजता अचूक कापायचा आणि मी तीनदा मोजूनही केसभर चुकायचो. पुढे तो तीस वर्षे कारखान्यात फोरमन राहिला. आता त्याला चौऱ्याहत्तरावे लागले होते. पन्नास वर्षांपूर्वीचा धूर त्याला आठवत होता आणि सकाळचा चहा आठवत नव्हता. वर्षभरात तो दोनदा घराबाहेर पडून हरवला होता. एकदा बसस्थानकावर सापडला, एकदा परक्या माणसाच्या स्वयंपाकघरात, "एवढा उशीर का झाला जेवायला?" असे विचारताना.

दुसऱ्या खेपेनंतर पुतणीने निर्णय घेतला. ती दादाची एकुलती मुलगी, शाळेत गणित शिकवते, अर्ध्या तासाच्या अंतरावर राहते. तिने वृद्धांना सांभाळणाऱ्या एका संस्थेचा अर्ज भरून पिशवीत ठेवला होता.

"तिथे दारांना बाहेरून कड्या असतात," मी तिला म्हणालो.

"असतात. म्हणून तिथून कोणी हरवत नाही, काका."

"माझ्याकडूनही हरवणार नाही. यंत्र बनवतो मी."

"एकवीस दिवस," ती म्हणाली. "एकवीस दिवसांत तुमचं यंत्र एकदाही चुकलं नाही, तर बाबा तुमच्याकडे राहतील. एकदा जरी चुकलं, तरी मी त्यांना नेणार. आणि नोंद रोज ठेवायची. मी तपासणार."

नोंद ठेवायची हे तिने मला सांगावे, याचे मला हसू आले होते.

चाचणीची रीत सोपी होती. आमच्या घराच्या पुढच्या पडवीत दादाची लाकडी खुर्ची असे. न्याहारी झाल्यावर तो तिथे तासभर बसे. मी फाटकापाशी एक वीट पुरून उभे राहण्याची जागा ठरवली. तिथून खुर्ची बारा मीटरवर, होकायंत्रावर सदुसष्ट अंशांना. हातात तीन आडव्या दांड्यांचा अँटेना धरायचा, गळ्यात रिसीव्हर अडकवायचा आणि सावकाश गोल फिरायचे. ज्या दिशेला ठोक्यांचा आवाज सर्वांत मोठा आणि काटा सर्वांत वर, त्या दिशेला पट्टा. काट्याला शून्यापासून दहापर्यंत आकडे होते. पट्टा इतका जवळ, म्हणून रिसीव्हरचा कान मी अगदी बारीक करून ठेवला होता.

पहिल्या दिवशी अँटेना खुर्चीकडे केला तेव्हा आवाज जवळजवळ नव्हता. फिरत गेलो. रस्त्याकडे तोंड झाले आणि ठोके स्वच्छ वाजू लागले. दोनशे सत्तेचाळीस अंश. काटा तीनवर.

सदुसष्टात एकशे ऐंशी मिळवले की दोनशे सत्तेचाळीस होतात. म्हणजे यंत्र नेमकी उलटी दिशा दाखवत होते. अशा अँटेनाला पाठीकडूनही थोडे ऐकू येते आणि नवशिका माणूस त्याने फसतो. मी नवशिका नव्हतो. दांड्यांचा क्रम तपासला, बरोबर होता. केबल बदलली. रिसीव्हरची बॅटरी बदलली. पुन्हा दोनशे सत्तेचाळीस. वहीत लिहिले : 'दिशा उलट येते. दुरुस्ती : १८० अंश. दुरुस्तीनंतर दिशा बरोबर.'

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी तेच. एक गोष्ट मात्र खटकली, आणि ती मी प्रामाणिकपणे लिहीत गेलो. काटा पहिल्या दिवशी तीनवर होता. चौथ्या दिवशी तो चारच्या अलीकडे आला. खुर्ची हलली नव्हती. खुर्चीतला माणूस हलला नव्हता. तरी आवाज जवळ येत होता. 'बॅटरी स्थिरावत असावी,' अशी मी टीप लिहिली. बॅटरी स्थिरावते ती खाली, वर नाही. हे मला विद्यार्थिदशेपासून ठाऊक आहे.

पाचव्या दिवशी कपाटातून हरणासाठी बनवलेला एक जुना ट्रान्समीटर काढला आणि दादाच्या खुर्चीच्या हाताला टांगला. फाटकाशी आलो. सदुसष्ट अंश, स्पष्ट. मग रिसीव्हर पुन्हा पट्ट्यावर जुळवला. दोनशे सत्तेचाळीस. एकच अँटेना, एकच केबल, एकच हात. दोन यंत्रे एकमेकांपासून वीतभर अंतरावर, आणि एक समोरून बोलत होते, दुसरे पाठीमागून.

ट्रान्समीटरला स्वतःची दिशा नसते. तो दिव्यासारखा असतो. चहूकडे सारखा पसरतो. त्यामुळे दोष त्यात असू शकत नव्हता, आणि दुसऱ्या कशात राहिलाही नव्हता. रस्त्यापलीकडे पत्र्याची एक मोठी वखार होती. तिच्यावर आपटून आवाज परत येत असावा, असे मी ठरवले. ठरवले हाच शब्द बरोबर आहे.

"रोज माझ्याकडे पाठ करून काय उभा राहतोस रे?" दादाने सहाव्या दिवशी विचारले.

"पाठ केली की तू नीट ऐकू येतोस."

"ते बाकी खरं. समोरासमोर कधी ऐकलं नाहीस माझं." मग तो खुर्चीत अवघडून सरकला. "हे गार फार आहे. लोखंडावर कशाला बसवलंस मला?"

"लाकडी खुर्ची आहे, दादा. तुझीच."

त्याने तळहात मांडीखाली घालून पाहिला आणि खोटे बोलणाऱ्या लहान मुलाकडे वडीलमाणसाने पाहावे तसे माझ्याकडे पाहिले. मी आतून उशी आणून दिली. दुसऱ्या दिवशीही त्याने तेच विचारले. त्यानंतर रोज.

नवव्या दिवशी मी एक शेवटची चाचणी घेतली. यंत्र खरोखर उलट दाखवत असेल, तर खुर्ची हलवल्यावर उलटी दिशाही हलली पाहिजे. मी दादाला कुंपणाच्या भिंतीपाशी, एकशे साठ अंशांवर बसवले. आता तीनशे चाळीस यायला हवे होते. मी विटेवर उभा राहिलो आणि फिरलो.

दोनशे सत्तेचाळीस. काटा सहावर.

दादाला मी भिंतीपाशी बसवले होते, पण यंत्राला त्याचे काही नव्हते.

वहीत मी अनुक्रमांक नऊ घातला, तारीख घातली, आणि पुढची जागा कोरी ठेवली. खोटा आकडा मी आयुष्यात लिहिलेला नाही. खरा लिहिला असता, तर पुतणीने त्याच संध्याकाळी अर्ज पिशवीतून काढला असता. मी दादाला हाताला धरून पुन्हा पडवीत नेऊन बसवले आणि दहाव्या दिवसापासून पूर्ववत लिहू लागलो : 'दुरुस्तीनंतर दिशा बरोबर.'

ती दर रविवारी येऊन वही चाळत असे. कोऱ्या ओळीवर तिचे बोट क्षणभर थांबले. "नऊला काय झालं?"

"पाहुणे आले होते."

"तुमच्याकडे?" ती एवढेच म्हणाली आणि पान उलटले.

गुरुवार, २७ फेब्रुवारी, सतरावा दिवस. सकाळी काटा आठवर होता. दहा वाजून चाळीस मिनिटांनी मी अंघोळीला गेलो. परत आलो तेव्हा खुर्ची रिकामी होती, उशी जमिनीवर पडलेली होती आणि फाटक उघडे होते.

मला भीती वाटली नाही. खरे सांगायचे तर बरे वाटले. यंत्राला आता खरी परीक्षा मिळाली होती. पंधरा मिनिटांत त्याला घेऊन यायचे आणि वहीत लिहायचे, एवढेच मनात होते.

दहा पंचावन्नला विटेवर उभा राहिलो. दोनशे सत्तेचाळीस. काटा नऊवर, माणूस हाताच्या अंतरावर असावा तसा आवाज. घर, न्हाणीघर, परसदार पाहिले. कुठेच नाही. मग उलट दिशा घेतली : सदुसष्ट. त्या दिशेचा रस्ता दादाच्या जुन्या कारखान्याकडे जातो. तीस वर्षे तो त्याच रस्त्याने सायकलने गेला होता. सगळे जुळत होते. पुतणीला फोन करावा असे एकदा मनात आले. पण परीक्षेचे चारच दिवस उरले होते.

मी सदुसष्टाला चालू लागलो.

दवाखान्याच्या कोपऱ्यावर काटा सातवर आला. इमारती आड येत असतील. पुलावर पाच. विजेच्या तारा. कारखान्याच्या भिंतीशी चार. माझे स्वतःचेच शरीर आड येत असेल. काटा उतरत होता आणि मी त्याला एकेक कारण देत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझ्या तर कानाशीच कळसा वाजत होता.

कारखान्याच्या दारावरचा पहारेकरी खुर्चीतून उठलाही नाही. "काय आजोबा, टीव्ही लागत नाही का घरात?"

"एक म्हातारे गृहस्थ आले होते का इकडे? कमरेला रुंद पट्टा आहे."

"सकाळपासून तुम्हीच पहिले." मग त्याला माझा चेहरा दिसला असावा. "बसा जरा. पाणी देऊ?"

मी पाणी घेतले नाही. कारखान्याला पूर्ण फेरी घातली. मागच्या वसाहतीतली प्रत्येक गल्ली पाहिली. एक वाजून पन्नास मिनिटांनी काटा तीनवर आला, आणि मी पुतणीला फोन केला.

ती अर्ध्या तासात स्कूटरवरून आली. हेल्मेटही काढले नाही.

"कुठे दाखवतंय ते?"

मी ज्या रस्त्याने आलो होतो, त्या रस्त्याकडे हात केला.

"मग आपण इथे काय करतोय?"

"ते उलटं दाखवतं. दुरुस्ती करावी लागते."

"कोण म्हणालं?"

"सोळा दिवसांच्या नोंदी आहेत."

"कोण म्हणालं, काका?"

मी अँटेना खाली केला.

"बसा मागे," ती म्हणाली. "आणि ते जिकडे दाखवेल तिकडे मला सांगा. फक्त तेवढंच सांगा."

एकाहत्तराव्या वर्षी, स्कूटरच्या मागे, अँटेना आकाशाकडे धरून मी बसलो. पुलावर पाच. दवाखान्याशी सात. आमच्या फाटकावरून गेलो तेव्हा नऊ. फाटक मी उघडेच टाकले होते. ती थांबली नाही. वखारीच्या पुढे वस्ती संपली. रस्ता सरळ होता, दोनशे सत्तेचाळीस अंशांना, कोणी पट्टी ठेवून आखावा तसा.

दोन किलोमीटर तीनशे मीटर.

तिथे पत्रे बनवण्याचा एक कारखाना होता. अकरा वर्षांपूर्वी बंद पडलेला. आम्ही दोघे भाऊ तिथे कधी गेलो नव्हतो.

आवारात मालमोटारी तोलण्याचा काटा होता. त्याचा लोखंडी पाटा एका बाजूने निखळला होता. खाली माणसाच्या छातीएवढा खोल खड्डा.

रिसीव्हरचा काटा दहाला टेकून थरथरत होता.

दादा खाली बसला होता. पाठ लोखंडाला टेकलेली, पाय पुढे पसरलेले, तळहात मांडीखाली.

पुतणी खाली उतरली. तिने त्याच्या मानेला हात लावला आणि तसाच ठेवला.

"गार आहे," ती म्हणाली.

मी अजून अँटेना धरून उभा होतो. तिने वर पाहिले. "बंद करा ते."

चुंबक घरी होता.

डॉक्टरांच्या मते, खुब्याचे हाड मोडले होते. त्याने माणूस मरत नाही, मोडल्यावर एकटा राहिल्याने मरतो. मृत्यू दोनच्या सुमारास. म्हणजे मी कारखान्यामागच्या गल्ल्या पाहत होतो तेव्हा तो जिवंत होता. कदाचित हाका मारत होता. रिसीव्हर माझ्या गळ्यात होता, त्यामुळे त्याचा हरेक ठोका मला ऐकू येत होता. मिनिटाला बेचाळीस.

पुढच्या आठवड्यात मी पट्ट्याची रीतसर तपासणी केली. करायला दुसरे काही नव्हते. तो रिकाम्या खुर्चीत ठेवला : सदुसष्ट, अचूक. फाटकाच्या खिळ्याला, भिंतीपाशी, गच्चीवर, वखारीच्या दाराशी : एकूण अकरा ठिकाणी. प्रत्येक ठिकाणी दिशा बरोबर आली. वखारीच्या पत्र्याचा काही परिणाम नव्हता. रिकामा पट्टा कुठेही चुकत नव्हता.

पाटा, खड्डा आणि आमचे फाटक यांचा नकाशा मी आखला नाही. आवश्यकता नव्हती.

रविवार, ९ मार्चला पुतणी आली. तिने वही मागितली आणि पडवीत, दादाच्या खुर्चीत न बसता, जमिनीवर बसून पहिल्या ओळीपासून वाचली. गणित शिकवणारी बाई आहे. दुरुस्तीचा रकाना सोडून ती फक्त मूळ आकडे बोटाने खाली खाली वाचत गेली. नऊवर थांबली.

"पाहुणे आले नव्हते," ती म्हणाली.

"नाही."

"किती आलं होतं?"

मी सांगितले. खुर्ची कुठे होती तेही सांगितले, किती यायला हवे होते तेही सांगितले. ती ओरडली असती तर बरे झाले असते.

"तुमचं यंत्र एकदाही चुकलं नाही," ती म्हणाली. "पैज तुम्ही जिंकलात, काका."

ती उठली. "पट्टा कुठे आहे?"

"कशाला?"

"मला बघायचंय ते कसं चालतं. तुम्ही रोज काय बघत होता ते बघायचंय."

"रिकामा ठेवून दाखवतो. बरोबर येतं."

"रिकामा नको." तिने खुंटीवरून पट्टा काढला आणि साडीवरून कमरेला गुंडाळला. भोके पुरली नाहीत. टोक तिने मुठीत घट्ट धरले. "बाबांना सांगायचात ना, नीट बस म्हणून? मी नीट उभी राहते."

"नको. काढ ते."

"का?"

मी चुंबक काढला.

ती दहा पावले चालून बरोबर उत्तरेला, माझ्यासमोर उभी राहिली. होकायंत्रावर शून्य अंश. सकाळचे ऊन होते. तिची सावली बाजूला, पश्चिमेकडे पडली होती.

मी अँटेना तिच्याकडे केला.

काटा हलला नाही.

मी केबल दाबून पाहिली. दांड्या पाहिल्या. पुन्हा तिच्याकडे केला. दूर कुठेतरी पाण्याखाली वाजावेत तसे ठोके.

"फिरा ना," ती म्हणाली. "तसेच फिरायचा ना तुम्ही?"

मी फिरू लागलो. सावकाश, रीतीप्रमाणे. ती दिसेनाशी झाली. आवाज वाढत गेला, स्वच्छ झाला आणि एका जागी थांबला. पुढे जाऊन मागे आलो. डोळे मिटून पुन्हा केले. त्याच जागी.

काटा दोनवर होता.

माझी जवळजवळ पाठ तिच्याकडे होती. तिचा श्वास मला ऐकू येत नव्हता. ठोके येत होते.

"काका, किती?"

वही विटेच्या बाजूला उघडी होती. दुरुस्तीच्या रकान्यात काय घालायचे ते माझ्या हाताला पाठ होते.

"काका."

मी वही मिटली.

"एकशे अठरा," मी म्हणालो.